हेड न उतरवता वॉल्व्ह सील बदलायचं किट: पक्कड अस्सल, दांडा बरा, चुंबक नावालाच

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ जायला नको. वॉल्व्ह सील म्हणजे वॉल्व्हच्या दांडीला (स्टेमला) बिलगून हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, ऑइल खाली सिलिंडरमध्ये उतरू न देणारी रबरी टोपी. ती बदलायच्या या किटला पाचपैकी साडेतीन. लोक हे किट ज्या वस्तूसाठी घेतात तो वॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा लांब दांडा जेमतेम बरा आहे. विकत घेताना जिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही ती सील उपटायची पक्कड मात्र अशी बनवली आहे की तिच्यासाठी बाकीचं सामान पदरात घ्यायला माझी हरकत नाही.

मी टूलरूममधला माणूस. उमेदीची वर्षं जिग, फिक्श्चर आणि डाय यांत गेली. त्यामुळे हत्यार हातात आलं की आधी बोटाने कडा चाचपतो आणि मग ते काय काम करतं ते बघतो. या किटच्या बाबतीत ती खोड कामी आली.

किटमध्ये येतं ते असं. हेडवर आडवा बसणारा रूळ आणि त्याचे दोन खांब, रुळावर सरकणारा दांडा, स्प्रिंगवर टेकणारे दोन मापांचे खिडकीवाले पाय, प्लगच्या भोकात आटे लावून हवा भरायची नळी, सीलची पक्कड, सील बसवायची नळी आणि तिचे ५, ५.५, ६ आणि ७ मिलिमीटरचे बुश, स्टेमवर घालायच्या प्लास्टिकच्या टोप्या, आणि ओढून लांब होणारं एक चुंबक. सील यात नसतात. ते इंजिनप्रमाणे वेगळे घ्यायचे.

माझं इंजिन पेट्रोल, चार सिलिंडर, वर दोन कॅम (वॉल्व्ह उघडणारे शाफ्ट), बकेट टॅपेट (कॅम आणि वॉल्व्ह यांच्यामधल्या उलट्या वाट्या) आणि टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा). म्हणजे १६ वॉल्व्ह, १६ सील आणि नखाएवढे ३२ लॉक (स्प्रिंगवरची चकती, म्हणजे रिटेनर, स्टेमवर अडकवून ठेवणारे तुकडे), त्यातला एकही हरवायची सोय नाही. सील टॅपेटच्या भोकात खोल तळाशी बसलेले. उघड्या रॉकरच्या जुन्या इंजिनवर जे काम साध्या पक्कडीनेही जमतं, ते इथे विहिरीत वाकून करावं लागतं. हा परीक्षणाचा निकाल अशाच इंजिनाचा आहे, हे लक्षात ठेवा.

पण पैसे घालवण्याआधी खात्री करून घ्या की ऑइल सीलमधूनच जातंय. सीलचा धूर वेळ साधून येतो. गाडी रात्रभर उभी राहिली की हेडमधलं ऑइल स्टेमवरून झिरपत खाली उतरतं. सकाळी स्टार्टर मारला की सायलेन्सरमधून निळसर लोट येतो आणि थोड्या वेळात साफ होतो. दुसरी वेळ लांब उताराची. गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून खाली आलात आणि तळाला पुन्हा पाय दिलात की आरशात मागचा गाडीवाला दिसेनासा होतो. थ्रॉटल बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ०.६ ते ०.७ बारने खाली गेलेला असतो, आणि ती ओढ गाइडमधून (स्टेम ज्या नळीत सरकतो तिच्यातून) ऑइल खेचून घेते. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या इंजिनाचं वागणं वेगळं. चढावर, ओझ्यावर, पाय दाबलेला असताना ते धूर सोडत राहतं, आणि ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून फुसफुस जाणवते.

माझ्या चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, जवळपास सारखं होतं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं तरी काटा फारसा हलला नाही. रिंगांतून गळती असती तर त्या ऑइलने फट भरली असती आणि आकडा वर चढला असता. पीसीव्ही वॉल्व्हही (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली, वाफ इनटेकमध्ये सोडणारा) तपासला होता. तो उघडा अडकला तर ऑइलची वाफ थेट इनटेकमध्ये जाते, तुंबला तर क्रँककेसमध्ये दाब साठतो, आणि दोन्ही वेळेला बिचाऱ्या सीलवर आळ येतो. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचं सीलही संशयितांच्या यादीत घ्यावं. ‘ऑइल खातंय? सील टाका’ असं न बघताच सांगणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत, आणि ‘ऑइल खातंय? इंजिन उघडा’ म्हणणारे त्याहून जास्त.

आता दांडा. रूळ कॅमच्या कॅपच्या बोल्टांची भोकं वापरून हेडवर बसतो. अ‍ॅल्युमिनियममधले आटे आहेत, तेव्हा खांबाचे बोल्ट सुरुवातीला हातानेच फिरवा, पाना नंतर. एकदा बसला की हलत नाही, हे कबूल. स्प्रिंग दाबायला जोरही फारसा लागत नाही, तरफ लांब आहे. तक्रार वेगळी आहे. दांडा रुळावर सरकतो तिथे खेळ जास्त ठेवलाय, त्यामुळे दाब स्टेमच्या रेषेत न पडता किंचित तिरका पडतो. रिटेनर एका बाजूला कलतो, एक लॉक सुटून येतो आणि दुसरा आत अडकून बसतो. दाब देता देता मनगटाने दांडा आडवा सावरावा लागतो. सवय होते, पण हत्यार बनवणाऱ्याने एक पातळ वॉशर घातला असता तर ही सवय लागायची वेळच आली नसती. मी तो घातला.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पायाची कड. हा पाय टॅपेटच्या भोकातून खाली जातो आणि वर येतो. ते भोक अ‍ॅल्युमिनियमचं, घासून गुळगुळीत केलेलं, आणि त्यातच बकेट वर-खाली धावणार. किटमधल्या पायाची बाहेरची कड मशीनवरून उतरल्यावर कोणी मोडलीच नव्हती. बोट फिरवलं तर सालपट निघेल अशी. तसाच वापरला असता तर प्रत्येक भोकात उभी ओरखड उठली असती. ऑइलस्टोनवर कड गोल करून, चिंधीने पुसून, मगच आत घातला. कमी धारेचं हत्यार मी समजू शकतो, पण जिथे धार नकोच तिथे धार ठेवणं हा निव्वळ आळस आहे.

पायाची खिडकीही अरुंद आहे. आतून लॉक दिसावेत म्हणून ती ठेवलेली, पण बाहेरून येणारा उजेड दांडाच अडवतो. कपाळावर बांधायची बॅटरी घ्या.

किटसोबत येणाऱ्या घडीच्या कागदावर चित्रं आहेत, मजकूर जवळजवळ नाही. एक गोष्ट त्यात हवीच होती. जुन्या इंजिनात रिटेनर आणि लॉक एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. दांडा कितीही दाबा, वॉल्व्हला खालून आधार असूनही काही सुटत नाही, आणि माणूस जोर वाढवत जातो. आधी रिटेनरवर योग्य मापाचा सॉकेट ठेवून हातोडीचा एक नेमका ठोका द्यायचा. टक्क आवाज येतो आणि पकड सुटते. पुढे दांड्याचं काम सोपं. हे करताना डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि ऑइल खाली जायची हेडमधली भोकं फडक्याचे बोळे घालून बंद हवीत. लॉक एकदा त्या भोकातून खाली गेला की संपमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, शोधायला जावं लागतं.

वॉल्व्ह खाली पडू नये म्हणून किटमध्ये हवेची नळी दिली आहे. नळी चांगली आहे, ओ-रिंग नीट बसते, १४ आणि १२ मिलिमीटर दोन्ही आटे मिळतात. तरी मी ती वापरणं लवकरच सोडलं, आणि कारण साध्या गणिताचं आहे. ३० मिलिमीटर व्यासाच्या वॉल्व्हचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. ६ बार हवा दिली तर त्याला वर धरायला साधारण ४० किलोचा जोर मिळतो, तो पुरेसा आहे. पण तीच हवा ७५ मिलिमीटरच्या पिस्टनवर अडीचशे किलोंहून जास्त जोराने खाली दाबते. पिस्टन अगदी वरच्या टोकाला नसेल तर क्रँक झटक्यात फिरतो. क्रँकच्या बोल्टवर पाना राहिला असेल तर तो कुणाच्या तरी हातावर बसणार. गिअर टाकून हँडब्रेक ओढला की धोका कमी होतो, जात नाही. शिवाय झिजलेल्या वॉल्व्ह सीटमधून हवा सुटत असेल तर कॉम्प्रेसर सारखा धडधडत राहतो.

म्हणून जुनी रीत. पिस्टन टोकापासून थोडा खाली आणायचा, प्लगच्या भोकातून विणलेली नायलॉनची दोरी आत सोडत जायची आणि क्रँक हाताने सावकाश फिरवायचा. दोरीचा गोळा पिस्टन आणि वॉल्व्ह यांच्यात दाबला जातो आणि क्रँक आपोआप अडतो. चारही वॉल्व्ह खालून धरलेले, आवाज नाही, हवा जायची भीती नाही. दोरीचं टोक वितळवून घ्या, म्हणजे धागे सुटून आत राहणार नाहीत, आणि दुसरं टोक बाहेर भरपूर ठेवा. कॅम उतरवलेले असल्याने सगळे वॉल्व्ह बंदच असतात, पिस्टन त्यांना धडकत नाही. माझा बेल्ट काढलेला होता, त्यामुळे क्रँक मोकळा फिरला. बेल्टऐवजी टायमिंग चेन असलेल्यांनी चेन तारेने वर ताणून धरल्याशिवाय क्रँकला हात लावू नये, खाली दात सुटला तर काम दुप्पट होतं.

आता पक्कड. हिचे जबडे पुढे गोलाकार कोरलेले आहेत आणि आतल्या बाजूला आडवे बारीक दात आहेत. मुद्दाम बघितलं, दोन्ही जबडे मिटल्यावर वर्तुळ खरंच वर्तुळ होतं, लांबट होत नाही. त्यामुळे सीलच्या धातूच्या टोपणाला चहूबाजूंनी सारखी पकड मिळते. मूठ वाकडी आहे, म्हणून हात टॅपेटच्या भोकाबाहेर राहतो आणि जबडा तळापर्यंत सरळ उतरतो. पद्धत अशी: आधी पिळायचं, सील गाइडवर थोडा फिरला की मगच वर ओढायचं. साध्या पक्कडीने इथे काय होतं ते मला माहीत आहे. रबर फाटून हातात येतं, धातूची कडी गाइडवरच राहते, मग माणूस स्क्रूड्रायव्हर घुसवतो आणि गाइडच्या डोक्यावर चरा पाडतो. या पक्कडीने सोळाही सील सबंध निघाले. एकाची गार्टर स्प्रिंग, म्हणजे ओठाभोवतीची (स्टेमला बिलगणाऱ्या रबरी कडेभोवतीची) ती केसाएवढी गोल स्प्रिंग, तेवढी सुटून आली. ती शोधून मोजणीत घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

निघालेल्या सीलवर नख दाबून पाहिलं. नव्या सीलचा ओठ नखाखाली दबतो आणि परत येतो. जुन्याचा दबतच नव्हता, जोर दिला तर कडेला तडा गेला. आतून बघितलं तर ओठाची धार घासून सपाट पट्टी झालेली. असा सील स्टेमला बिलगणार कसा? तापमानाने रबर कडक होतं, आणि इथे रबर कुठलं आहे यावर सगळं अवलंबून. साधं नायट्राइल साधारण १०० ते १२० अंश सेल्सियसपर्यंत टिकून राहतं. फ्लोरोइलास्टोमर, म्हणजे बाजारात व्हिटॉन नावाने ओळखलं जाणारं, सुमारे २०० अंशांपर्यंत. ड्युपाँने ते १९५७ साली बाजारात आणलं, म्हणजे हे काही कालचं संशोधन नव्हे. तरीही काळे नायट्राइलचे सील सर्रास विकले जातात. रंगावरून मात्र ठरवू नका. हिरवं किंवा तपकिरी म्हणजे व्हिटॉनच असा नियम नाही, आणि व्हिटॉन काळंही मिळतं. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. इनटेक आणि एक्झॉस्टचे सील काही इंजिनांत वेगळे असतात, ते मिसळू देऊ नका.

सील काढलेला असतानाच गाइड तपासून घ्यायचा. त्या सिलिंडरमधली दोरी काढून पिस्टन टोकाला आणा, म्हणजे वॉल्व्ह सुटला तरी काही मिलिमीटरच खाली जाईल, आणि मग स्टेम आडवा हलवून बघा. स्टेम आणि गाइड यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. डायल गेजवर ती मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर गेली असेल तर नवा सील त्या डुलणाऱ्या स्टेममागे धावून लवकरच हार मानतो. तेव्हा हेड उतरवणं आलंच, आणि हे किट पेटीत ठेवायचं.

सील बसवायच्या नळीबद्दल मी थोडा नाराज आहे. बुश बदलायची कल्पना छान, पण माझ्या ५.५ च्या स्टेमवर बुश ढिला बसतो आणि नळी कलू शकते. नळीचा काठ सीलच्या धातूच्या कडेवर टेकला पाहिजे. ओठावर किंवा स्प्रिंगवर टेकला तर सील बसतानाच मरतो. हाताने दाबत नेलं, शेवटी हलका ठोका दिला, तळाला लागल्यावर आवाज बदलतो, बद्द होतो. त्यावर विसंबून न राहता व्हर्नियरच्या खोली मोजायच्या काडीने स्प्रिंगच्या बैठकीपासून सीलची उंची मोजली. सगळे जवळपास एका मापात आले, एक मात्र मिलिमीटरभर वर होता. दिसायला अगदी ठीक. पण वॉल्व्ह पूर्ण उघडताना रिटेनर खाली येतो तो त्याच्या डोक्यावर आपटला असता. पुन्हा ठोकला, खाली गेला. मापायला मिनिटं लागतात, हेड परत उघडायला सबंध दिवस जातो.

टोप्यांचं सांगायचं राहिलं. स्टेमच्या टोकाला लॉकसाठी खाच असते आणि तिच्या कडा धारदार असतात. सील त्यावरून सरकवला तर नव्या ओठाला तिथेच काप बसतो. म्हणून टोपी घालायची, ओठाला इंजिन ऑइल लावायचं आणि मग सरकवायचं. किटमधल्या टोप्या एकाच मापाच्या, ६ मिलिमीटरच्या. माझ्या स्टेमवर सैल. सीलच्या पाकिटात एक बरोबर मापाची आली होती, तीच सगळीकडे वापरली. ती नसती तर खाचेवर पातळ टेपचा एक वेढा देऊन भागवलं असतं. चार मापांचे बुश देणाऱ्यांनी टोप्या एकाच मापाच्या का द्याव्यात, हे मला उमगलेलं नाही.

चुंबकाबद्दल एकच सांगतो. ते लॉक उचलतं, पण रिटेनरला घासलं की सोडून देतं. दुसरं घ्या. लॉक परत बसवताना खाचेत ग्रीसचा ठिपका लावा, लॉक चिकटून राहतो, आणि दांडा सोडल्यावर स्टेमच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने हलकं ठोकून दोन्ही लॉक घरात गेल्याची खात्री करा.

कॅम उतरवताना आणि चढवताना कॅपचे बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने, थोडे थोडे फिरवायचे. एका टोकाने पूर्ण ढिला केला तर दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगा कॅमला वाकवतात, मोडलेले कॅमही मी पाहिले आहेत. टॅपेट ज्या भोकातून निघाले त्याच भोकात परत. बेल्ट चढवल्यावर खुणा जुळवून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, कुठेही अडखळला तर थांबा.

पहिल्यांदा चालू केल्यावर धूर आला, आणि तो येणारच होता. सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं ऑइल जळून जायला वेळ लागतो. पुढे सकाळचा लोट बंद झाला, उतारानंतरचाही. डिपस्टिकवरची पातळी आता सर्व्हिसच्या दरम्यान वर ओतावं न लागण्याइतकी टिकते. पूर्ण शून्य झालेली नाही आणि व्हायलाही नको, कारण सीलने थोडं ऑइल स्टेमवर जाऊ दिलंच पाहिजे, नाहीतर गाइड कोरडा घासेल. बाटलीतून ओतायची ‘सील फुगवणारी’ द्रव्यं मी आधी नाकारली होती. रबर थोडं फुगवतात हे खरं, पण सपाट झालेल्या ओठाला ती नवी धार देऊ शकत नाहीत.

एकदाच काम करायचं असेल तर हे किट कुणाकडून मागून आणा. पक्कड तेवढी सुटी मिळाली तर ती विकत घ्या. दर वर्षी दोन-तीन इंजिनं उघडणाऱ्याने किट घ्यायला हरकत नाही, पायाची कड मोडून, दांड्यात वॉशर घालून आणि चुंबक बाजूला टाकून. सील मागवताना फक्त गाडीचं नाव सांगू नका. एकाच गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी हेड आलेली असतात. इंजिनाचा नंबर द्या, आणि जमलं तर स्टेमचा व्यास आणि गाइडच्या डोक्याचा बाहेरचा व्यास मोजून सांगा. ही दोन मापं जुळली नाहीत तर पाकीट न उघडता परत करा, कारण उघडलेलं पाकीट दुकानदार परत घेत नाही.